जळालेल्या कातडीला परांची

भाजलेला रोगी आला की नातेवाईक पहिल्यांदा विचारतात, "डॉक्टरसाहेब, डाग राहील का?" डॉक्टरला धास्ती वेगळीच असते. कातडी गेली की अंगातले पाणी झिरपून जाते आणि जंतूंना दार मोकळे होते. म्हणून जखमेवर पांघरूण हवे आणि ते चिकटता कामा नये. साधे गॉज वाळून चिकटते. ओढताना नवी आलेली नाजूक कातडीही निघते. पट्टी बदलताना रोगी ओरडतो तो उगीच नव्हे.

मुंबईत यावर स्वस्त तोडगे निघाले. वाडिया बाल रुग्णालयातील डॉ. केसवानी यांनी १९८५ मध्ये उकडलेल्या बटाट्याच्या सालींच्या पट्टीची माहिती प्रसिद्ध केली. शीव रुग्णालयातील डॉ. माधुरी गोरे यांचा केळीच्या पानावरील अभ्यास २००३ चा. पान मेणचट, त्यामुळे चिकटत नाही. (ही पाने निर्जंतुक केलेली असतात. परसातले पान तोडून लावू नये, टूथपेस्ट तर नाहीच! भाजल्यावर वीस मिनिटे नळाचे पाणी सोडावे.)

कातडी पूर्ण जाडीने जळाली, तर नुसते पांघरूण पुरत नाही. खालचा थर नव्याने उभारावा लागतो आणि इमारतीप्रमाणे त्याला परांची लागते. बोस्टनचे डॉ. बर्क आणि प्रा. यानास यांनी १९८१ मध्ये ती करून दाखवली. गुरांचे कोलॅजन आणि शार्क माशाच्या कूर्चेतला एक पदार्थ यांचे स्पंजासारखे जाळे, त्यावर सिलिकॉनचा पातळ पापुद्रा. जाळ्याच्या छिद्रांत रोग्याच्या पेशी व रक्तवाहिन्या शिरतात, जाळे हळूहळू विरते. पापुद्रा पाणी बेताने बाहेर सोडतो, जंतू अडवतो. दोन-तीन आठवड्यांनी तो सोलून रोग्याचीच अगदी पातळ कातडी तेथे बसवतात. मला जाळ्यापेक्षा या पापुद्र्याचेच कौतुक अधिक वाटते. आता संशोधक जाळ्याच्या धाग्यांनाही बहुवारिकाचे, म्हणजे पॉलिमरचे, पातळ थर देतात. एखादा पेशींना धरून ठेवतो, एखादा औषध थोडे थोडे सोडतो.

किंमत मात्र गरिबाला झेपणारी नाही. तोवर आधार त्वचापेढीचा. नवी मुंबईत ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये अशी पेढी आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांडी, पाय व पाठीवरचा पातळ थर घेतात. देह विद्रूप होत नाही. ग्लिसरॉलमध्ये ४ अंश सेल्सिअसला ही कातडी पाच वर्षांपर्यंत टिकते. रक्तगट जुळावा लागत नाही.