तळ्याच्या तळाशी, प्राणवायूवाचून

उन्हाळ्यात तलाव आटू लागला, की काठच्या चिखलातून सडक्या अंड्यासारखा वास येतो. वरचा चिखल मातकट दिसतो, पण काठीने जरा उकरला तर आतला गाळ काळाकुट्ट निघतो. ‘पाणी सडलं’ म्हणत आपण नाक मुरडून पुढे जातो. खरे तर हा वास आणि हा काळा रंग, दोन्ही तळाशी राबणाऱ्या गंधक-जिवाणूंची खूण आहे.

प्राणवायू संपतो कसा?

एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. २५ अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात मात्र जेमतेम ८ मिलिग्रॅम मावतो. उन्हाने तापलेले पाणी हलके होऊन वर राहते आणि थंड, जड पाणी खाली. दोन्ही थर सहसा मिसळत नाहीत. वरून पाने, शेवाळ, निर्माल्य तळाशी जाते, ते कुजवणारे जिवाणू तिथला प्राणवायू वापरून टाकतात आणि नवा प्राणवायू खाली पोहोचत नाही.

आपण खाल्लेल्या अन्नातून शक्ती मिळवायला प्राणवायू लागतो. तळाचे काही जिवाणू तेच काम पाण्यात विरघळलेल्या सल्फेटवर भागवतात. आपण कार्बन डायऑक्साइड सोडतो, ते हायड्रोजन सल्फाइड सोडतात. सडक्या अंड्याचा वास तो हाच. हा वायू गाळातल्या लोहाशी जुळला, की काळे लोह सल्फाइड तयार होते.

लोखंड आणि गंधकाची ही गट्टी भिलाईला नवी नाही. पोलादात गंधक जास्त राहिले तर ते तापलेले असताना ठिसूळ होते. म्हणून झोतभट्टीत चुनखडी घालून बरेचसे गंधक मळीबरोबर बाहेर काढतात. कारखान्यात जे नकोसे, त्यावर तळ्यात एक अख्खी वसाहत जगते.

एकाचा कचरा, दुसऱ्याचे जेवण

हा दुर्गंधी वायू काही जिवाणूंचे अन्न आहे. १८८०च्या दशकात सर्गेई विनोग्राड्स्की या शास्त्रज्ञाने बेगियाटोआ नावाच्या धाग्यासारख्या जिवाणूचा अभ्यास केला. सूर्यप्रकाश नसतानाही तो हायड्रोजन सल्फाइडपासून शक्ती मिळवतो, हे त्याच्या लक्षात आले. केवळ रसायनांच्या बळावर जगता येते, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती.

जांभळ्या आणि हिरव्या गंधक-जिवाणूंना मात्र प्रकाश लागतो. वनस्पती पाणी फोडून प्राणवायू सोडतात. हे जिवाणू पाण्याऐवजी हायड्रोजन सल्फाइड वापरतात, त्यामुळे प्राणवायूऐवजी गंधकाचे कण उरतात. जांभळ्यांपैकी अनेक जण ते कण पेशीतच साठवतात, हिरवे बाहेर टाकतात. यावरूनच व्हॅन नील या शास्त्रज्ञाने १९३०च्या सुमारास तर्क मांडला, की झाडे सोडतात तो प्राणवायू पाण्यातूनच येत असावा. पुढे तो खरा ठरला. आपल्या श्वासाचे कोडे उलगडायला चिखलातल्या जिवाणूंची मदत झाली!

त्यांची राहण्याची जागा मात्र अरुंद. वर प्रकाश आहे पण प्राणवायूही आहे. खाली वायू आहे पण अंधार. दोन्ही जमते तिथे ते पातळ थर करून राहतात.

लोणारची गोष्ट

बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर उल्केच्या आघाताने बेसाल्ट खडकात तयार झाले. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. पाणी खारट आणि इतके अल्कधर्मी, की त्याचा सामू १०च्या आसपास जातो. काठाच्या चिखलाला तोच सडक्या अंड्याचा वास येतो.

जून २०२० मध्ये हे पाणी गुलाबी झाले, तेव्हा देशभर चर्चा झाली. तो रंग गंधक-जिवाणूंचा नव्हता. पाणी आटून खारटपणा वाढल्यावर फोफावलेल्या मीठप्रेमी सूक्ष्मजीवांचा तो रंग असल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत दिसले. त्याच वर्षी लोणारला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. अशा जगावेगळ्या पाण्यात गावाचे सांडपाणी मिसळले, तर खारटपणा बदलतो आणि त्यावर बेतलेली सूक्ष्मजीवांची वसाहतही विस्कटते.

वास गेला म्हणजे धोका टळला असे नाही

उघड्या तळ्याकाठी येणारा मंद वास सहसा घातक नसतो. पण हाच वायू बंद गटारात, सेप्टिक टँकमध्ये किंवा गाळ साचलेल्या विहिरीत कोंडला तर जीव घेतो. तो हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो. प्रमाण वाढून दहा लाख भागांत सुमारे १०० भाग झाले, की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. माणसाला वाटते वास गेला, आणि तो आणखी खाली उतरतो. वाचवायला उतरणारा दुसराही तिथेच कोसळतो. म्हणून कुणी आत बेशुद्ध दिसले तरी स्वतः उतरू नका. वरूनच मदत मागवा, ११२ क्रमांकावर फोन करा.

बाटलीतले तळे

हे जग घरीही पाहता येते. मुलांनी मोठ्यांना सोबत घ्यावे आणि हातमोजे घालावेत. प्लास्टिकच्या पारदर्शक बाटलीत तळ्याचा गाळ एक तृतीयांश भरा. त्यात वर्तमानपत्राचे बारीक कपटे, चमचाभर प्लास्टर ऑफ पॅरिस आणि थोडी अंड्याच्या टरफलाची पूड कालवा. वर तळ्याचेच पाणी घाला, झाकण सैल ठेवा आणि बाटली हवेशीर, उजेडाच्या खिडकीत ठेवा. हुंगू नका, हलवू नका.

आधी गाळ काळा पडेल. दीड-दोन महिन्यांत काचेसारख्या कडेला हिरवे आणि जांभळे पट्टे दिसू लागतील. या प्रयोगाला विनोग्राड्स्कीचेच नाव आहे. दर रविवारी एक फोटो काढून ठेवा. रंग कुठल्या आठवड्यात उमटला, ते त्यावरून नेमके कळेल.