बंद पडलेलं हृदय आणि बर्फाच्या पिशव्या

आजचा विषय जरा अवघड आहे, पण तो तुमच्यातूनच आलाय. एका गटाच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाल्यावर एक ताई म्हणाल्या, "माझ्या दिराचं हृदय बंद पडलं होतं. डॉक्टरांनी चालू केलं, आणि मग काखेत, जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवल्या. मेलेल्या माणसाला ठेवतात तशा. आम्हाला कुणी काही सांगितलं नाही. सासूबाईंनी तिथंच हंबरडा फोडला." जिवंत माणसाला बर्फ कशासाठी, याचं उत्तर बैठकीत कुणालाच देता आलं नाही. म्हणून आम्ही वाचलं, डॉक्टरांना विचारलं, आणि कळलं ते आज तुमच्यापुढं ठेवतोय.

आधी एक गोंधळ दूर करू. हार्ट अटॅक आणि हृदय बंद पडणं या दोन वेगळ्या गोष्टी. अटॅकमध्ये हृदयाची रक्तवाहिनी तुंबते. छातीत दुखतं, घाम फुटतो, पण माणूस बहुतेक वेळा शुद्धीवर असतो, बोलतो. हृदय बंद पडलं की मात्र माणूस कोसळतो, हाक मारली तर ओ देत नाही, श्वास थांबतो किंवा मधूनच एखादा आचका दिल्यासारखा येतो. अटॅकमुळं हृदय बंद पडू शकतं, तसंच विजेच्या धक्क्यानं किंवा बुडाल्यानंही पडू शकतं.

हृदय थांबलं की सगळ्यात आधी उपाशी पडतो तो मेंदू. वजनानं शरीराच्या पन्नासाव्या हिश्शाएवढा, पण आपण घेतो त्या प्राणवायूचा पाचवा हिस्सा एकटा खातो. आणि त्याच्याकडं साठवण काहीच नाही. आपल्या घरात निदान आठवड्याची ज्वारी असते, मेंदूचं रोज आणून रोज खाण्यासारखं. रक्त थांबलं की दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध हरपते आणि चार-पाच मिनिटांनंतर मेंदूच्या पेशी मरायला लागतात.

आता खरी गोष्ट इथं आहे. समजा हृदय पुन्हा चालू झालं, रक्त फिरायला लागलं. आपल्याला वाटतं, सुटलो. पण मेंदूचं नुकसान तिथं थांबत नाही. कडब्याच्या गंजीला आग लागली आणि आपण पाणी मारून विझवली, तरी गंजी आतून रात्रभर धुमसत राहते ना, तसंच. उपाशी पडलेल्या पेशींत विषारी द्रव्यं तयार झालेली असतात, सूज येते, आणि पुढचे कित्येक तास, कधी दोन-तीन दिवस, पेशी मरत राहतात. त्यातच अशा रोग्याला बऱ्याचदा ताप चढतो. धुमसत्या गंजीला वारा मिळाला तर काय होईल ते तुम्हाला सांगायला नको.

म्हणून गारवा. उन्हाळ्यात सकाळचं दूध दुपारी नासतं, थंडीत तेच संध्याकाळपर्यंत टिकतं. गारव्यात सगळ्याच उलाढाली मंदावतात, शरीरातल्यासुद्धा. अंगाचं तापमान एक अंश सेल्सिअसनं उतरलं की मेंदूची भूक साधारण सहा-सात टक्क्यांनी कमी होते, आणि ते धुमसणंही मंदावतं.

हा उपचार सरसकट सगळ्यांना नाही. हृदय चालू झाल्यावर जो माणूस डोळे उघडतो, बोलतो, त्याला याची गरज नसते. हृदय चालू झालं पण शुद्ध आली नाही, अशांसाठी हे आहे. आणि हे आयसीयूतलंच काम आहे. बर्फाच्या पिशव्या किंवा गार पाणी फिरणारं पांघरूण लावतात, कधी शिरेतून थंड सलाईन देतात. आतलं तापमान मोजायला अन्ननलिकेत किंवा लघवीच्या पिशवीत बारीक नळी ठेवतात. अंग गार पडायला लागलं की शरीर कुडकुडून ऊब आणू बघतं. कुडकुडलं की भूक उलट वाढते, म्हणून गुंगीचं औषध देतात, व्हेंटिलेटर लावलेला असतो. ऊब परत आणायची तीही घाईनं नाही, तासाला पाव ते अर्धा अंश एवढीच. यात धोकेही आहेत. फार गार केलं तर हृदयाचे ठोके चुकतात, रक्त लवकर गोठत नाही, न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून घरी माणूस कोसळला तर त्याच्यावर घागर ओतणं किंवा बर्फ चोळणं हा उपचार नव्हे. त्यात फक्त वेळ जातो, आणि वेळच नसतो.

किती गार करायचं, यावर डॉक्टरांचंही मत बदलत गेलंय. २००२ साली युरोपातल्या पाच देशांत आणि ऑस्ट्रेलियात मेलबर्नला केलेले दोन अभ्यास छापून आले. आपलं नेहमीचं तापमान ३७ अंश, म्हणजे जुन्या तापमापकावर ९८.६. त्यांनी रोग्यांना ३२ ते ३४ अंशांवर ठेवलं, युरोपात २४ तास, मेलबर्नला १२ तास. युरोपात गार केलेल्या शंभरांतले ५५ जण मेंदू शाबूत ठेवून बाहेर पडले, न केलेल्यांतले ३९. मेलबर्नला ७७ रोगी होते, महिन्याच्या विषम तारखेला आलेल्यांना गार करायचं, सम तारखेला आलेल्यांना नाही, असं ठरवलेलं. तिथंही गार केलेल्यांचं बरं झालं. मग जगभर हा उपचार सुरू झाला.

पण डॉक्टर तिथं थांबले नाहीत, आणि हे आम्हाला फार आवडलं. २०१३ साली ९३९ रोग्यांवर पाहिलं, ३३ अंश चांगले की ३६? फरक दिसला नाही. २०२१ साली १४ देशांतल्या १९०० रोग्यांवर पुन्हा मोठा अभ्यास झाला. निम्म्यांना ३३ अंशांवर नेलं, निम्म्यांना फक्त ताप येऊ दिला नाही. सहा महिन्यांत दोन्हीकडचे जवळपास निम्मे दगावले, आणि गार केलेल्यांत ठोके चुकण्याचा त्रास जास्त दिसला. त्यामुळं आता पुष्कळ ठिकाणी फार गार करत नाहीत. ३७.५ अंशांच्या, म्हणजे ९९.५ च्या वर जाऊ द्यायचं नाही, यावर दोन-तीन दिवस डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतात. काही डॉक्टर काही रोग्यांना अजूनही ३३-३४ पर्यंत नेतात. बर्फ दिसला म्हणून घाबरायचं नाही, तसं बर्फ लावला नाही म्हणून डॉक्टरांशी भांडायचंही नाही.

कुणी मोबाइलवर बर्फाखालून जिवंत निघालेल्या बाईची गोष्ट पाठवेल. ती खरी आहे. १९९९ साली नॉर्वेत अ‍ॅना बोगेनहोल्म ही स्वीडिश डॉक्टर बर्फाखालच्या ओढ्यात अडकली. बाहेर काढलं तेव्हा हृदय बंद होतं, अंग १३.७ अंशांपर्यंत उतरलं, तरी ती वाचली. पण तिचं अंग आधी गार झालं होतं आणि हृदय नंतर थांबलं. मेंदूची भूक अगोदरच उतरलेली. घरात, शेतात कोसळणाऱ्या माणसाचं तसं नसतं.

घरच्यांनी काय करायचं? अंग गार लागलं, हात हलत नाही, म्हणजे माणूस गेला असं धरू नका. गुंगीच्या औषधानं तो तसा दिसतो. गोधडी घालू नका, तळवे चोळून ऊब आणू नका, आपली माया तिथं उलटी पडते. डॉक्टरांना सरळ विचारा: तापमान कितीवर ठेवलंय, गुंगी कधी उतरवणार, मेंदूचं काय ते कधी सांगणार? हे शेवटचं उत्तर साधारण तीन दिवसांआधी पक्कं मिळत नाही. गावाकडं खर्चाच्या धास्तीनं दुसऱ्याच दिवशी माणसाला घरी आणायची घाई होते. पैशाची ओढ आम्हाला ठाऊक आहे, सरकारी योजनेत बसतं का ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या. पण निदान बघायच्या आधी निर्णय घेऊ नका. तीन दिवसांनंतरही सगळेच जागे होतात असं नाही. काहींची स्मरणशक्ती अधू राहते, काही उठतच नाहीत. हेही डॉक्टरांकडून स्पष्ट ऐकून घ्यावं.

बाळंतिणीच्या घरी एक लक्षात ठेवा. जन्मताना न रडलेल्या बाळांनाही मोठ्या रुग्णालयांत ३३.५ अंशांवर तीन दिवस ठेवतात आणि श्रीमंत देशांत त्याचा फायदा दिसलाय. पण भारत, श्रीलंका आणि बांगलादेशात ४०८ बाळांवर अभ्यास झाला, तो २०२१ साली छापून आला. त्यात गार केलेल्यांतली शंभरात ४२ बाळं गेली, न केलेल्यांतली ३१. तेव्हा आपल्या घरात बाळाला ऊबच द्यायची. कोरडं पुसून आईच्या उघड्या छातीवर, वरून पांघरूण, आणि रडत नसेल तर लगेच दवाखाना.

आणि हा सगळा उपचार कुणाच्या वाट्याला येतो? ज्याचं हृदय पुन्हा चालू झालं त्याच्या. ते बऱ्याचदा पहिल्या पाच मिनिटांत गावातल्या हातांवर ठरतं, कारण गाडी पोचायला वेळ लागतो. माणूस ओ देत नाही, नीट श्वास नाही, तर एकीनं १०८ ला फोन लावायचा. दुसरीनं त्याला कडक जमिनीवर उताणं झोपवून छातीच्या मधोमध तळहातावर तळहात ठेवायचा, कोपर ताठ, आणि दोन इंच खोल दाबायचं. मिनिटाला १०० ते १२० वेळा, दर वेळी छाती पुरती वर येऊ द्यायची. दोन मिनिटांत हात भरून येतात, मग दुसरीनं घ्यायचं. गाडी येईपर्यंत थांबायचं नाही. कांदा हुंगवणं, तोंडात पाणी घालणं यात एक क्षणही घालवू नका. बाई कोसळली तर पुरुष छातीला हात लावायला कचरतात. परदेशातल्या अभ्यासांतही हे दिसलंय की भर रस्त्यात पडलेल्या बाईला ही मदत पुरुषापेक्षा कमी मिळते. म्हणून प्रत्येक गटात निदान चौघींना हे आलं पाहिजे.

हे नुसतं ऐकून येत नाही. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना किंवा आपल्या आशाताईंना पुढच्या मासिक बैठकीला बोलवा. बाहुली नसली तर घट्ट बांधलेल्या गोणपाटाच्या गाठोड्यावर करून बघा, आणि घड्याळ लावून दोन मिनिटं दाबा. किती दम लागतो ते कळेल, आणि कुणी कुणानंतर दाबायचं तेही तिथंच ठरवून टाका.