अर्धनारीश्वर आणि लिनोकट

औंढा नागनाथ मंदिराच्या बाहेरच्या भिंतींवरची शिल्पं पाहून आलो आणि अर्धनारीश्वर लिनोलियमवर कोरायला घेतला. एरवी मी दगडात काम करतो.

दगडात खोलीमुळे सावली पडते, रूप खुलतं. लिनोकटमध्ये, म्हणजे लिनोलियम कोरून कागदावर घेतलेल्या ठशात, खोलीला किंमतच नाही! कोरलेला भाग कागदावर कोरा राहतो, उरलेल्या उंच भागाला रोलरची शाई लागते. सावलीही रेघांनीच दाखवायची.

आणि ठसा उलटा उमटतो. उजवं अंग शिवाचं, डावं पार्वतीचं. म्हणून चित्र ट्रेसिंग पेपरवर काढून, तो पालटून मगच लिनोवर उतरवायचं. नाहीतर देवच बदलतो!

चित्रकार चित्तप्रसाद यांनी रामायणावर केलेले लिनोकट जरूर पाहा.

घरी प्रेस नसेल तर कागद चमच्याच्या पाठीने घासा, ठसा छान येतो. शाई, कागद, हत्यारं, काहीही विचारा.