तंजावरची मराठी वसाहत व तिचा वारसा

एल्ब नदीच्या आसपास स्लाव लोक शतकानुशतकें नांदले. पुढें तो मुलूख जर्मन झाला व त्यांची भाषा बहुतेक ठिकाणीं लोपली. तथापि जर्मनांचा सीमावाचक ‘ग्रेन्त्से’ हा शब्द मूळचा स्लावांचाच. आपल्याकडील असें उदाहरण तंजावर होय. भेद इतकाच कीं, मराठे तेथें राज्यकर्ते म्हणून गेले.

व्यंकोजीराजांनीं इ. स. १६७६ च्या सुमारास स्थापिलेलें तें राज्य १८५५ नंतर इंग्रजांनीं खालसा केलें. बृहदीश्वराच्या देवालयांतील १८०३ चा भोसले वंशाचा मराठी शिलालेख प्रसिद्धच आहे. प्रस्तुत लेखकास त्याहून मोलाची वाटते ती गोष्ट निराळी: तमिळ हरिकथाकार साकी, दिंडी, ओवी हे मराठी छंद आपलेच म्हणून गातात! यजमानांनीं उचललें तें टिकलें. घरची मराठी मात्र, तमिळ शब्द पोटांत घेऊन, शाळेच्या आधारावांचून केवळ घरांतच जगते.

एल्बेकाठची पोलाबी बोली अठराव्या शतकांत नष्ट झाली. तिचे कांहीं शब्द आज ठाऊक आहेत, ते योहान पारुम शुल्त्से नामक एका खेडूत शेतकऱ्यानें टिपून ठेविल्यामुळें. तंजावरच्या वृद्धांकडूनहि असें उतरवून घेण्याजोगें पुष्कळ आहे.