वस्तू जाव्यात, पण आपल्या हातून

दिवाळीच्या आधी माळा उतरवणं हे मराठी घरातलं ठरलेलं काम. ट्रंका खाली येतात, पितळी डबे चिंचेने घासले जातात, आणि लक्ष्मीपूजनापर्यंत सगळं पुसून पुन्हा होतं तिथे जातं. पंचेचाळिशीपर्यंत हे चालून जातं. सत्तरीत मात्र स्टुलावर चढायची हिंमत उरत नाही, आणि माळ्यावर आहे काय, हे सांगणारं माणूस घरात एकच असतं. ते माणूस गेलं की माळ्यावरचं सगळं एका दिवसात अडगळ होतं.

बंगळुरात हा प्रश्न आज हजारो घरांत एकदम उभा आहे, आणि त्याला या शहराचा इतिहास कारण आहे. हिंदुस्थान एअरक्राफ्टचा कारखाना इथे १९४० मध्ये निघाला. पाठोपाठ १९४८ मध्ये आयटीआय (इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज), १९५३ मध्ये एचएमटी आणि १९५४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्स आली. टाटा इन्स्टिट्यूट, म्हणजे भारतीय विज्ञान संस्था, तर १९०९ पासूनच होती. या संस्थांच्या नोकऱ्यांसाठी पुण्या-सांगलीहून, बेळगाव-धारवाडहून मराठी माणसं आली आणि इथलीच झाली. तीस बाय चाळीस किंवा चाळीस बाय साठची साइट घेऊन त्यांनी टुमदार घरं बांधली. घरात सामानाची एक खोली, वर मोठा माळा, मागे न्हाणीघर. जागा होती, म्हणून वस्तू साठत गेल्या.

आता ती घरं पाडली जात आहेत. जयनगर असो, मल्लेश्वरम असो की बसवनगुडी, बिल्डरशी करार होतो, साइटवर चार मजले चढतात आणि मालकाच्या वाट्याला दोन-तीन खोल्यांचा फ्लॅट येतो. मुलं परदेशी असली तर आईवडील ज्येष्ठांच्या वसाहतीत जागा घेतात. घर रिकामं करायची तारीख ठरते आणि पन्नास वर्षांचा संसार काही आठवड्यांत निकालात काढावा लागतो. रोज ‘हळे पेपर’, म्हणजे जुने पेपर, अशी हाळी देत जाणारा माणूस मग टेम्पो घेऊन येतो. त्या घाईत विकण्याजोगं, देण्याजोगं आणि जपण्याजोगं सगळं एकाच वजनकाट्यावर चढतं.

हे टाळता येतं. त्यासाठी आवरण्याचं काम हातीपायी धड असताना, स्मरण शाबूत असताना, घर सोडायची वेळ येण्यापूर्वी सुरू करायला हवं. स्वीडनच्या मार्गारेटा मॅग्नसन यांनी ऐंशी ओलांडल्यावर, २०१७ मध्ये, याच विषयावर एक छोटं पुस्तक लिहिलं आणि ते जगभर वाचलं गेलं. आपल्यामागे आपला पसारा दुसऱ्याला उपसायला लावू नये, हा त्यांचा साधा आग्रह. आपल्याकडे वानप्रस्थाची कल्पना होतीच. घर न सोडताही ती पाळता येते.

हात का अडतो

ज्येष्ठांना वस्तू सुटत नाहीत म्हणून घरोघरी वाद होतात. पण ही पिढी रेशनच्या रांगेत वाढली. गॅसच्या जोडणीसाठी, टेलिफोनसाठी, स्कूटरसाठी तिने वर्षानुवर्षं नंबर लावले. दोरीचा तुकडा जपणं हा तेव्हा शहाणपणा होता. त्या शहाणपणाची टिंगल करून कोणाचंही कपाट रिकामं होणार नाही.

आणि हे फक्त आपलंच आहे असंही नाही. काहनमन, क्नेट्श आणि थेलर या संशोधकांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात काही विद्यार्थ्यांना साधे मग दिले आणि विकणार असाल तर किती घ्याल, असं विचारलं. ज्यांना मग मिळाले नव्हते त्यांना, किती देऊन घ्याल, असं विचारलं. मग हातात येऊन थोडा वेळच झाला होता, तरी मालकांनी सांगितलेली किंमत खरेदीदारांच्या दुपटीहून अधिक निघाली. मग चाळीस वर्षं वापरलेल्या घंगाळाचं काय होत असेल!

यातून एक वाटही निघते. पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या एका अभ्यासात, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, विद्यार्थ्यांना जिवाभावाच्या वस्तू दान करण्याआधी त्यांचा फोटो काढून ठेवायला सांगितलं. तेव्हा सुमारे पंधरा टक्के अधिक वस्तू दान झाल्या. आठवण हाताशी राहिली की वस्तू सोडवते. फोटोखाली दोन ओळी लिहिल्या, कोणाची, कुठली, कधीची, तर तो फोटो कुटुंबाचा इतिहास होतो.

एक गोष्ट मात्र वेगळी ओळखावी. पलंगावर झोपायला, शेगडीपाशी उभं राहायला जागा उरत नसेल, रद्दीची पिशवी काढली तरी जिवाची तगमग होत असेल, तर तो हट्ट नसून आजार असू शकतो. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये त्याला स्वतंत्र आजार म्हणून मान्यता दिली. अशा वेळी घरच्यांनी परस्पर सामान फेकू नये, त्याने त्रास वाढतो. मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं. बंगळुरात निम्हान्ससारखी संस्था आहे, तिचा संकोच न करता उपयोग करावा.

सुरुवात कुठून

बहुतेक जण पहिल्याच दिवशी फोटोंची ट्रंक उघडतात आणि संध्याकाळपर्यंत तिथेच बसतात. फोटो आणि पत्रं अगदी शेवटी घ्यावीत. आधी जिथे मन गुंतत नाही ते काढावं: मुदत संपलेली औषधं, बंद पडलेले चार्जर, विकून टाकलेल्या फ्रिजची पुस्तिका, झाकण नसलेले डबे. मग कपडे, मग भांडी, मग पुस्तकं. एका बैठकीत एकच कप्पा, आणि ढीग चार: ठेवायचं, घरातल्यांना द्यायचं, बाहेर द्यायचं, मोडीत काढायचं. माळ्यावर ज्येष्ठांनी स्वतः चढू नये. तरुण माणसाला चढवावं आणि आपण खाली खुर्चीवर बसून निर्णय द्यावेत.

कपड्यांचं आपल्याकडे पूर्वी सोपं होतं. मऊ लुगड्यांच्या गोधड्या व्हायच्या, उरलेले कपडे बोहारणीला देऊन स्टीलचं पातेलं यायचं. आता धुतलेले, धड कपडे ‘गूंज’सारख्या संस्थेला देता येतात. अंशु गुप्ता यांनी १९९९ मध्ये सुरू केलेली ही संस्था बंगळुरातही सामान स्वीकारते. गुप्ता यांना २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपण स्वतः दुसऱ्याला हातात देऊ शकू, असाच कपडा द्यावा. फाटका कपडा देणं म्हणजे दान नव्हे. रेशमी साड्यांची जर तपासून घ्यावी. जुनी खरी जर चांदीच्या तारेची असते आणि ती विकत घेणारे व्यापारी आहेत. तांब्या-पितळेचंही मोल वजनावर होतं, म्हणून दोन दुकानांत भाव विचारल्याशिवाय परात देऊ नये.

पुस्तकांना वाचक हवा

इंग्रजी पुस्तकांच्या बाबतीत बंगळूरकर भाग्यवान. १९४५ मध्ये सुरू झालेलं सिलेक्ट बुक शॉप, चर्च स्ट्रीटवरची ब्लॉसम आणि बुकवर्म, अॅव्हेन्यू रोडवरची जुन्या पुस्तकांची दुकानं, असा जुन्या पुस्तकांना या शहरात मान आहे.

मराठी पुस्तकांचं तसं नाही. इथल्या दुकानात त्यांना गिऱ्हाईक मिळणं अवघड, म्हणून ती सगळ्यात आधी रद्दीत जातात. बांधून ठेवलेले जुने दिवाळी अंकही जातात. हे मला फार लागतं. महाराष्ट्राबाहेर मराठी पुस्तक टिकवायला एका पिढीने पदरमोड केली, आणि त्या पुस्तकाचा शेवट किलोच्या भावाने व्हावा? यादी करा: पुस्तक, लेखक, प्रकाशनवर्ष. ती गांधीनगरातल्या महाराष्ट्र मंडळाला दाखवा, मराठी मित्रांच्या गटात फिरवा. दुर्मीळ काही असेल तर मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या, १८९८ पासून चालत आलेल्या संस्थेला विचारा. आधी विचारा, मग पाठवा. न विचारता दारात टाकलेली खोकी संस्थेलाही ओझं होतात.

घरात मोडी लिपीतले कागद, जुन्या सनदा, वंशावळी असतील तर त्यांची जागा रद्दीत अजिबात नाही. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून हेच काम करतं आहे. आयुष्य प्रयोगशाळेत गेलं असेल, तर आपल्या वह्या आणि पत्रव्यवहारही मोलाचा असू शकतो. बंगळुरात राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राने २०१९ मध्ये विज्ञानाच्या इतिहासाचं अभिलेखागार खुलं केलं आहे.

फेकण्याआधी वाचा

ट्रंकेतल्या कागदांत पैसा असतो. शेअरची कागदी प्रमाणपत्रं १ एप्रिल २०१९ पासून विक्रीसाठी हस्तांतरित करता येत नाहीत, पण डीमॅट करून घेता येतात. कंपनीचं नाव बदललं किंवा ती दुसरीत विलीन झाली, तरी प्रमाणपत्र निकामी होतंच असं नाही. सलग सात वर्षं लाभांश न घेतल्यास तो, आणि त्यासोबत शेअरही, सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात. दावा करून ते परत मिळवता येतात. बँकेतली रक्कम दहा वर्षं कोणी हलवली नाही तर तीही रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते. तिचा शोध घेण्यासाठी २०२३ मध्ये ‘उद्गम’ हे संकेतस्थळ सुरू झालं आहे.

पुस्तकांच्या पानांत नोटाही सापडतात. दोन हजारांची असेल तर रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयातून तिचे पैसे मिळवता येतात, आणि ते कार्यालय बंगळुरातच नृपतुंग रोडवर आहे. रद्द झालेल्या पाचशे-हजाराच्या नोटांचं मात्र काही होत नाही. उलट २०१७ च्या कायद्याने अशा दहापेक्षा जास्त नोटा बाळगणं हा गुन्हा आहे.

आणखी एका वस्तूबद्दल सावध राहायला हवं: वाघनख. बाळाच्या गळ्यातलं, आजोबांच्या साखळीतलं वाघनख अनेक जुन्या घरांत असतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये वाघनखाच्या लॉकेटवरून कन्नड ‘बिग बॉस’मधल्या एका स्पर्धकाला वन विभागाने अटक केली होती, आणि त्यानंतर कर्नाटकात अनेक घरांतली वाघनखं चर्चेत आली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार वाघनख, हस्तिदंत, शिंगं विकता येत नाहीत, आणि मालकीचा दाखला नसेल तर जवळ ठेवणंही अडचणीचं. वकिलाचा सल्ला घ्यावा. कोणाला भेट तर मुळीच देऊ नये. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती किंवा चित्र असेल तर पुरावस्तू कायदा लागू होतो. ती परदेशातल्या मुलाच्या सामानात घालता येत नाही.

उरलेल्याची विल्हेवाट

जे मोडीतच जायचं तेही नीट जावं. बंगळूरचा कचरा वर्षानुवर्षं मंडूर गावाच्या माथी मारला जात होता. गावकऱ्यांच्या आंदोलनानंतर २०१४ च्या अखेरीस तो थांबला. पुढच्याच वर्षी उच्च न्यायालयाने घरातच कचऱ्याचं वर्गीकरण सक्तीचं केलं. कागद, काच, धातू वॉर्डातल्या सुक्या कचऱ्याच्या केंद्रात जाऊ शकतात. अनेक केंद्रं कचरावेचकच चालवतात. जुने रेडिओ, टीव्ही, संगणक यांत शिशासारखे विषारी धातू असतात, म्हणून ते अधिकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांकडेच द्यावेत. देशातलं पहिलं सरकारमान्य केंद्र, ‘ई-परिसर’, २००५ मध्ये बंगळूरजवळ डाबसपेटेतच सुरू झालं.

व्हिडिओ कॅसेट टाकण्याआधी मात्र त्यांचं डिजिटल रूपांतर करून घ्या. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिने २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. चालू यंत्रं दर वर्षी कमी होत आहेत आणि फीतही खराब होते आहे. मुलाच्या मुंजीचं नाहीतर लग्नाचं चित्रण त्यातच असेल.

देताना सांगायचं

मुलांना आपलं काही नको असतं, हे दुःख सगळीकडे ऐकू येतं. त्यांच्या घरांत जागा कमी आणि बदल्या फार, हे समजून घ्यावं. सगळा संच गळ्यात मारू नये. एक वस्तू निवडावी आणि तिची हकीकत सांगून द्यावी. जुन्या म्हैसूर प्रांतात लग्नात मुलीला राजा-राणीच्या लाकडी बाहुल्यांची जोडी देतात आणि ती दर नवरात्रात मांडली जाते. दोनच बाहुल्या, पण पिढ्या टिकतात, कारण त्या योग्य वेळी आणि हातात दिलेल्या असतात. दागिने, भांडी, मूर्ती यांची वाटणी लिहून ठेवावी. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी.

मोठा संग्रह करणाऱ्यांसाठी पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर हा आदर्श आहे. १९२० च्या सुमारास त्यांनी दिवे, अडकित्ते, पानपुडे, दौती अशा घरगुती वस्तू जमवायला घेतल्या. अकाली गेलेल्या राजा या मुलाच्या नावाने संग्रहालय उभं केलं आणि १९७५ मध्ये सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. त्यानंतर ते पंधरा वर्षं जगले. आपण जमवलेलं लोकांचं झालेलं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. आज तिथे वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी कोणाच्या तरी माळ्यावरून आलेल्या आहेत.

आपला संग्रह एवढा नसेल, पण अधिकार तोच आहे: कोणती वस्तू कोणाकडे जावी हे ठरवण्याचा. तो आपण वापरला नाही, तर भंगारवाला वापरतो. म्हणून या दिवाळीत फराळाला मुलं-नातवंडं जमली की एक कपाट त्यांच्यासमोर उघडा. प्रत्येक वस्तूचं नाव सांगा, हकीकत सांगा, आणि जी ज्याला हवी ती त्याच दिवशी त्याच्या हातात द्या. उरलेल्याची यादी भाऊबीजेच्या आत लिहून काढा.