फुप्फुसाचा क्षयरोग : जिवावर बेतणाऱ्या गुंतागुंती

खोकल्यातून मोठा रक्तस्राव : क्षयाने पडलेल्या पोकळीलगतची रक्तवाहिनी झिजून फुटते. रक्त श्वासनलिकेत साचून रुग्ण गुदमरतो. रक्त कमी होण्यापेक्षा हाच धोका मोठा. रक्तस्राव होणारी बाजू खाली ठेवून रुग्णाला कुशीवर झोपवतात. रक्तवाहिनी आतून बंद करण्याच्या ‘एम्बोलायझेशन’ उपचाराने रक्त थांबवता येते.

न्यूमोथोरॅक्स : फुप्फुसाभोवतीच्या आवरणात हवा शिरून फुप्फुस आकसते. छातीत अचानक कळ येते, धाप लागते. छातीत नळी घालून हवा काढावी लागते.

एम्पायमा : त्याच आवरणात पू साचतो. औषधांबरोबर तो काढून टाकणे आवश्यक असते.

मिलिअरी क्षय : जंतू रक्तावाटे शरीरभर पसरतात. एक्स-रेमध्ये १ ते ३ मिलिमीटरचे असंख्य ठिपके दिसतात. मेंदूच्या आवरणाला सूज आल्यास तीव्र डोकेदुखी, उलट्या, गुंगी ही लक्षणे दिसतात.

श्वसन निकामी होणे : दोन्ही फुप्फुसे मोठ्या प्रमाणात खराब झाल्यास रक्तातील प्राणवायू घटतो. रोग बरा झाल्यावरही व्रणांमुळे हा धोका उरतो.

खोकल्यातून भरपूर रक्त, अचानक धाप, ओठ निळसर होणे किंवा शुद्ध हरपणे यांपैकी काहीही दिसल्यास रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. लवकर निदान आणि औषधांचा पूर्ण कोर्स यांनी यांतील बहुतेक गुंतागुंती टळतात.