जेवणाची नोंद: वजन घटवणारं अ‍ॅप आणि उपचारातलं अ‍ॅप

गैरसमज: खाल्लेलं नोंदवणारं कुठलंही अ‍ॅप खाण्याच्या विकारात चालतं.

वस्तुस्थिती: सर्वांत घातक समज हाच. वजन घटवण्याची अ‍ॅप कॅलरी मोजतात, रोजची मर्यादा आखून देतात. अ‍ॅनोरेक्सिया (खाणं टोकाचं तोडणं) किंवा बुलिमिया (ताबा सुटून खाणं आणि मग उलटी वगैरे करून ते बाहेर काढणं) झालेल्याचं मन आधीच आकड्यांत अडकलेलं असतं. त्या अडकण्याला या अ‍ॅपमुळे खतपाणी मिळतं. अमेरिकेत 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे विकार असलेले 105 जण होते. त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांनी ‘मायफिटनेसपाल’ हे कॅलरी मोजणारं अ‍ॅप वापरलं होतं आणि वापरणाऱ्यांतल्या सुमारे 73 टक्के लोकांना आपल्या विकारात त्याचा वाटा आहे असं वाटत होतं.

उपचारातली नोंद निराळी असते. ऑक्सफर्डचे मानसोपचारतज्ज्ञ ख्रिस्तोफर फेअरबर्न यांच्या उपचारपद्धतीत कॅलरी लिहायच्याच नसतात. कधी, कुठे, काय खाल्लं. ताबा सुटला का. मुद्दाम उलटी केली का. तेव्हा मनात काय चाललं होतं, हे लिहायचं आणि तेही लगेच. रात्री आठवून लिहायला बसलं की लाज आड येते आणि नेमकं महत्त्वाचं तेच गळतं. हे काम पूर्वी कागदावर चाले. पण कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये मैत्रिणींसमोर असा कागद काढणार कोण? मोबाइलवर बोटं चालवली तर कुणी विचारत नाही. खाण्याच्या विकारांसाठीच बनवलेल्या ‘रिकव्हरी रेकॉर्ड’सारख्या अ‍ॅपचा खरा उपयोग इथे आहे. शिवाय रुग्णाची संमती असेल तर त्या नोंदी उपचार करणाऱ्यालाही दिसतात.

गैरसमज: अ‍ॅप नीट वापरलं की डॉक्टरांची गरज नाही.

वस्तुस्थिती: सततच्या उलट्यांनी आणि जुलाबाच्या गोळ्यांनी रक्तातलं पोटॅशियम घसरतं, हृदयाची लय बिघडू शकते. हे रक्ततपासणीत आणि ईसीजीत कळतं, मोबाइलला कळत नाही. अनियंत्रित खाण्याचा त्रास असलेल्या 66 जणांवरच्या एका अमेरिकन चाचणीत मार्गदर्शनाला अ‍ॅपची जोड दिल्यावर वेळच्या वेळी खाणं वाढलं. मात्र सहा महिन्यांनी पाहिलं तेव्हा अ‍ॅपमुळे मिळालेला जादा फायदा उरला नव्हता. त्या चाचणीतही माणसाचं मार्गदर्शन होतंच, हे विसरू नये.

गैरसमज: नामांकित संस्थेचा चॅटबॉट म्हणजे निर्धास्त.

वस्तुस्थिती: अमेरिकेच्या नॅशनल ईटिंग डिसऑर्डर्स असोसिएशनने मे 2023 मध्ये आपला ‘टेसा’ हा चॅटबॉट बंद केला. मदत मागायला आलेल्यांना तो कॅलरी कमी करण्याचे सल्ले देऊ लागला होता. संस्थेची माणसांनी चालवलेली हेल्पलाइनही त्याच सुमारास बंद झाली, याचं मला जास्त वाईट वाटतं.

गैरसमज: हे विकार हडकुळ्या, श्रीमंताघरच्या मुलींचे.

वस्तुस्थिती: मुलग्यांना आणि पुरुषांनाही होतात. बुलिमियात वजन बहुधा चारचौघांसारखंच असतं, म्हणून घरच्यांच्या लक्षात येत नाही.

घरात कुणी जेवल्याजेवल्या बाथरूम गाठत असेल किंवा ताटावर बसायचं टाळत असेल, तर त्याला अ‍ॅप सुचवण्याआधी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. सुरुवात कुठून करावी कळत नसेल तर सरकारी ‘टेली-मानस’चा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, तिथे मराठीतही बोलता येतं.